नाकवाला ट्रक की चपट्या तोंडाचा? (भाच्याला घ्यायचाय)

वाटसरू_७७
मंडळी, प्रश्न माझा नाही, भाच्याचा आहे. पण उत्तर मलाच द्यायचंय, कारण घरात 'गाड्यांमधलं कळणारा' म्हणून माझं नाव आहे. एकेकाळी माझ्याकडे बुलेट होती, एवढंच माझं भांडवल.

भाचा सहा वर्षं मेलबर्नला आहे. गेला होता शेफ व्हायला, आता बी-डबल ओढतो. म्हणजे एका घोड्याला (इंजिन आणि केबिन असलेली पुढची ओढणारी गाडी) दोन ट्रेलर, सगळं मिळून २६ मीटर. मेलबर्न-अ‍ॅडलेड नेहमीचं, महिन्यातून एखाद-दुसरी खेप पर्थची. आत्तापर्यंत मालकाची गाडी होती, आता स्वतःचा घोडा घ्यायचं चाललंय, सेकंडहँड. तिकडे दोन्ही घराणी समोरासमोर उभी आहेत. एकीकडे लांब बोनेटवाला केनवर्थ, अमेरिकन वळणाचा. दुसरीकडे व्होल्वो, स्कॅनिया, मर्सिडीज, सगळे चपट्या तोंडाचे.

त्याचे दोनच प्रश्न. पर्थच्या वाटेवर नलारबॉरच्या माळावर फसवणार नाही अशी गाडी कुठली? आणि महिन्यातल्या अठरा-वीस रात्री जिथे झोपायचं ती केबिन कुणाची बरी? आमच्या दाजींचं (हयात एसटीच्या डेपोत गेली) मत आहे, "मर्सिडीज घे, लग्न लवकर जमेल." ते सोडून बोला.

टोलनाका
पहिला! कुठलाही घ्या, मागे 'आईचा आशीर्वाद' लिहायला विसरू नका. कांगारू आपणहून बाजूला होतात.

गिअरबॉक्स
मी इंडियानात कोलंबसला असतो, इंजिनांच्या धंद्यात. (कोथरूडची निम्मी गल्ली इथे येऊन राहिली आहे, त्यामुळे मराठी टंकायची सवय सुटलेली नाही.)

काका, आधी ते नाक बाजूला करू. अमेरिकन ट्रकला नाक आलं ते कायद्यामुळे. १९८२ पर्यंत तिथली राज्यं घोडा आणि ट्रेलर मिळून एकूण लांबी मोजायची. त्या काळातले फोटो बघा, पीटरबिल्ट, केनवर्थ, फ्रेटलायनर सगळे चपट्या तोंडाचे ट्रक धडाधड विकत होते. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने ठरवलं की राष्ट्रीय महामार्गांच्या जाळ्यावर फक्त ट्रेलर मोजायचा, घोडा कितीही लांब असो. मग ड्रायव्हरला इंजिनावर कोण बसवतो? नाक पुढे आलं, पाठीमागे झोपायची खोली वाढत गेली आणि चपटे ट्रक तिथल्या हायवेवरून हळूहळू नाहीसे झाले.

युरोपात अजूनही सगळं मिळून १६.५ मीटर. त्यात ट्रेलर १३.६ मीटरचा. उरले तीन मीटरहून कमी. त्यात ड्रायव्हर, पलंग, इंजिन, शिवाय वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला लागू नये म्हणून मध्ये फट. नाक हवं असेल तर माल कमी भरा. कोण भरतोय!

पट्टी कुठून कुठपर्यंत धरायची, यावर ट्रकचं तोंड ठरलं, इतकंच. आणि भाच्याचे २६ मीटर घोड्यासकट मोजतात. म्हणजे तो अमेरिकन वळणाची गाडी घेणार पण पट्टी युरोपियन. ट्रेलर किती लांबीचे ओढतो ते आधी विचारा, नाहीतर नाकाची चर्चा फुकट.

निवडुंग
१९८२ चा कायदा मान्य. पण क्रोमचे धुराडे आणि टपावर पिवळ्या दिव्यांची आरास, हेही कायद्यात लिहिलंय का? अमेरिकेत ट्रक ही मिरवायची वस्तू आहे, युरोपात ते अवजार आहे. अवजार जास्त टिकतं.

टोलनाका
निवडुंगराव, पंजाबातला ट्रक बघितलाय का कधी? तो मिरवतोही आणि वीस वर्षं टिकतोही.

एकांडा_शिलेदार
प्रत्यक्ष चालवणारं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नऊ वर्षं पेनसिल्व्हेनियातून गाडी चालवतोय, त्याआधीची सात आयटीत गेली. बायको माहेरी अजून "हे लॉजिस्टिक्समध्ये आहेत" असं सांगते.

पहिली गाडी लांब नाकाची जुनी होती, ईटन फुलरची तेरा गिअरची पेटी. तिला सिंक्रो नसतो. म्हणजे क्लच एकदा दाबून गिअर काढायचा, पुन्हा दाबून दुसरा घालायचा, आणि मधल्या क्षणी इंजिनाचे फेरे कानाने जुळवायचे. चुकलं की खालून असा खरखराट येतो की शेजारच्या गाडीतला ड्रायव्हर मान वळवून बघतो. पहिल्या महिन्यात मी डावा पाय उशीवर ठेवून झोपायचो. आता फ्रेटलायनरची कॅस्केडिया आहे, गिअर स्वतः टाकते. जुनी मंडळी नावं ठेवतात, पण त्यांच्या गुडघ्यांचं काय झालंय ते मी बघितलंय.

आता आराम. माझं पुढचं चाक माझ्या पायांच्या पुढे आहे. खड्डा आधी नाकाला लागतो, मग मला, तोवर त्याचा निम्मा जोर गेलेला असतो. चपट्या गाडीत माणूस चाकाच्या डोक्यावरच बसलेला असतो. आणि मागे ७२ इंची स्लीपर, म्हणजे झोपायची खोली. त्यात मी ताठ उभा राहून पँट चढवतो. ही गोष्ट क्षुल्लक वाटते त्यांनी आठवडाभर आडवं पडून पँट घालून बघावी. फ्रिज आहे, मायक्रोवेव्ह आहे, छोटी शेगडी आहे. पोहे होतात. फक्त मोहरी तडतडवायची नाही. एकदा केली होती, गादीला तीन आठवडे फोडणीचा वास येत होता.

इथला नियम: १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची, मग सलग १० तास विश्रांती. ते दहा तास काढायचे त्याच डब्यात. म्हणून भाच्याला सांगा, इंजिनाआधी पलंग बघ.

स्वातीनक्षत्र
शिलेदार, पोह्यांची पाककृती वेगळ्या धाग्यात टाका, मोहरीशिवाय पोहे हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. :)

मी गोथेनबर्गला असते, ट्रकच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत. चाकावर बसलं म्हणजे हाडं खिळखिळी होतात हे अर्धंच खरं. लांब पल्ल्याच्या युरोपियन गाडीची केबिन चेसिसवर घट्ट बसवलेली नसते. चार कोपऱ्यांवर चार हवेच्या फुग्यांवर ती तरंगत असते, आणि आतली सीट पुन्हा स्वतःच्या फुग्यावर. जानेवारीत कामासाठी मी एकदा इथून लुलेओपर्यंत ड्रायव्हरशेजारी बसून गेले. बाहेर उणे २४. रात्री इंजिन बंद, डिझेलवर चालणारा छोटा हीटर चालू, सकाळी खिडकीला आतून बर्फ नाही. वाटेत ड्रायव्हरने मोबाइल डॅशबोर्डवर नुसताच ठेवला होता, तो दोन दिवस जागचा हलला नाही. मला तेवढा पुरावा पुरे.

आणि निवडुंग, 'युरोपियन मिरवत नाहीत' म्हणणाऱ्यांनी फिनलंड-स्वीडनचे ट्रक बघितलेले नाहीत. पूर्ण केबिनवर लांडगे रंगवलेले असतात, समोर दिव्यांची रांग, आत मखमली पडदे. इथे लांबीही सढळ आहे, २५.२५ मीटर आणि ठरावीक रस्त्यांवर ७४ टनांपर्यंत. अमेरिकेत साधारण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे ३६ टनांच्या थोडं वर. अवजार कुठलं ते तुम्हीच ठरवा.

एकांडा_शिलेदार
ताई, मोबाइलचा पुरावा स्वीडिश रस्त्याचा आहे, ट्रकचा नाही. तुमचा ट्रक हिवाळा संपताना पेनसिल्व्हेनियाच्या आय-८० महामार्गावरच्या खड्ड्यांत आणा, मग बोलू.

स्वातीनक्षत्र
आणते. पण उतारावर तुमची गाडी माझ्या मागे ठेवू नका. :) युरोपात वर्षानुवर्षं डिस्क ब्रेक आणि जोडीला रिटार्डर, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता वेग रोखणारं यंत्र. घाट उतरताना ब्रेकच्या पॅडलला पायसुद्धा लागत नाही आणि आवाजही नाही. तुमच्याकडे अजून कित्येक गाड्यांना ड्रम आहेत. आणि जेक ब्रेक (इंजिनानेच गाडी रोखणारा) लावला की अख्खं गाव उठतं, म्हणून गावांच्या वेशीवर 'इंजिन ब्रेक लावू नका' अशा पाट्या असतात.

एकांडा_शिलेदार
पाट्या असतात, खरंय. माझ्या या गाडीला मात्र डिस्क आहेत. सात-आठ वर्षांपूर्वी हा वाद घातला असतात तर मी गप्प बसलो असतो.

फलटणचा_फिटर
आराम वगैरे मोठ्या लोकांच्या गोष्टी. मी गाडीखाली झोपणारा माणूस, तेव्हा खालून काय दिसतं ते सांगतो.

अकरा वर्षं ओमानला होतो, तेलविहिरींच्या कामावरच्या गाड्यांच्या वर्कशॉपात. एकाच आवारात दोन्ही जाती. नाकवाल्या गाडीचं बोनेट पुढे कलंडवलं की चाकावर पाय देऊन उभं राहायचं, सगळं हाताशी. तेल, पट्टे, फिल्टर, इंजेक्टर. उन्हात हात पोळतो पण डोकं शाबूत राहतं. चपट्या गाडीला आख्खी केबिन पुढे उचलावी लागते. उचलायच्या आधी आत काय सुटं आहे ते बघायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी दुसऱ्या दिवशी रुजू झालो होतो. ड्रायव्हर केरळचा, त्याने सीटमागे कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवलेली. केबिन वर गेली, बरणी आतून काचेवर आली. काच वाचली, पण गाडी गेली तोवर डॅशबोर्डच्या फटींतून तेल ठिबकत होतं. तो ड्रायव्हर पुढची दोन वर्षं मला 'अच्चार' म्हणून हाक मारायचा.

आता मुद्द्याचं. पूर्वी अमेरिकन गाडी म्हणजे थाळी. इंजिन कमिन्सचं, पेटी ईटनची, मागचे अ‍ॅक्सल मेरिटॉरचे किंवा डॅनाचे, वर केबिन ज्याची त्याची. त्यातलं काही बिघडलं तर त्या त्या कंपनीचा माणूस गाठायचा, ट्रकवाल्याच्या दारात जायची गरज नाही. युरोपियन गाडीत इंजिन, पेटी, अ‍ॅक्सल बहुधा एकाच घरचं. जोडकाम सुंदर, पण लॅपटॉपही घरचाच लागतो. लॅपटॉप लावल्याशिवाय ती सांगत नाही कुठे दुखतंय.

पण हा फरक जुना झाला. आता दोन्हीकडे तीच दुखणी. धूर स्वच्छ करायचा फिल्टर, त्यासाठीच लागणाऱ्या युरियाचा पंप, नायट्रोजन ऑक्साइडचे सेन्सर. इंजिन दहा लाख किलोमीटर जातं आणि रस्त्यात उभी करते ती बोटाएवढी वस्तू. एकदा वाळवंटात नव्याकोऱ्या गाडीने (कुठल्या ते सांगत नाही, दोन्ही बाजूचे लोक भांडतील) युरिया संपला असा गजर केला. टाकी काठोकाठ भरलेली. गाडीने मात्र ठरवलं, आता मी रांगणार. साठ किलोमीटर रांगत आलो. वर्कशॉपात सेन्सर काढला तर त्यावर पांढरे खडे साचलेले, खडीसाखरेसारखे. कोमट पाण्याने धुतला, पुन्हा लावला, गाडी पळाली.

खडीसाखर
माझं नाव विनाकारण बदनाम होतंय. :D

फिटरदादा, तुमचं वाचून बाबा आठवले. आमचे बाबा कराडचे, ट्रक चालवायचे. त्या काळी टाटांची नवी गाडी म्हणजे नुसती चेसिस मिळायची, वर केबिन नाहीच. बाबा जमशेदपूरहून चेसिस आणायला जायचे. फळीवर बसून, डोक्याला पंचा, डोळ्यांवर गॉगल, समोर काच नाही. येईपर्यंत तोंड विटेसारखं लाल व्हायचं आणि दातात किडे. मग कराडला सुतार केबिन बांधायचा. तोच विचारायचा, "मास्तर, झोपायला फळी किती लांब ठेवू?" आणि बाबांच्या मापाने फळी कापायचा. म्हणजे एका अर्थी बाबांची केबिन मापाने शिवलेली होती, असं नऊवारी नेसल्यासारखं! फक्त इंजिनाचं झाकण आतच असायचं. उन्हाळ्यात त्यावर पाय टेकला की चटका बसायचा, थंडीत त्यावरच डबा गरम व्हायचा.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. बाबा असते तर म्हणाले असते, खिडकी उघडी टाकून एसी लावणारेत सगळे.

टोलनाका
हे वाचून कॉमेंट करायची होती पण विनोद सुचला नाही. छान लिहिलंय.

चाकणकर
मी चाकणला ट्रकच्याच धंद्यात आहे. अमेरिकन विरुद्ध युरोपियन भांडणाऱ्यांनी जरा सातबारा काढून बघा.

फ्रेटलायनर १९८१ पासून जर्मन डेमलरच्या घरात. मॅक, ज्याच्या नाकावर बुलडॉग असतो, तो २००१ पासून स्वीडिश व्होल्वोचा. इंटरनॅशनल बनवणारी नेव्हिस्टार २०२१ मध्ये ट्रॅटनने घेतली, म्हणजे ती आता फोक्सवॅगनच्या वाड्यात, स्कॅनिया आणि मॅनच्या शेजारच्या खोलीत. उलट बाजूने केनवर्थ-पीटरबिल्टची मालकीण पॅकार ही खरी अमेरिकन, पण तिने १९९६ मध्ये डच डॅफ घेतली, आणि केनवर्थमध्ये मिळणारं एमएक्स-१३ इंजिन मुळात डॅफचं. शिलेदारांच्या कॅस्केडियात डेट्रॉइटचं इंजिन असेल तर त्याचं सख्खं भावंड मर्सिडीज अ‍ॅक्ट्रोसमध्ये बसतं.

आमच्या चाकणलाही अमेरिकन पाहुणा येऊन गेला. २००५ मध्ये महिंद्रा आणि नेव्हिस्टारची भागीदारी झाली, गाड्या निघाल्या, काही वर्षांनी नेव्हिस्टारने अंग काढून घेतलं आणि महिंद्राने पुढे एकट्याने चालवलं. त्या गाड्यांना नाक होतं का? नव्हतं. पट्टी आपल्याकडेही एकूण लांबीचीच.

निवडुंग
म्हणजे शेवटी सगळ्या अमेरिकन गाड्या चांगल्या झाल्या त्या युरोपियन मालकांमुळे. मी हेच म्हणत होतो.

गिअरबॉक्स
तुम्ही हे कधीच म्हणत नव्हता. :)

डिझेलचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो, मालकाला आरामाआधी तेच दिसतं. अमेरिकन गाडी गॅलनला सात मैल गेली तर लिटरला साधारण तीन किलोमीटर. युरोपात शंभर किलोमीटरला २८ लिटर हा आकडा नवलाचा नाही, म्हणजे लिटरला साडेतीनच्या वर. पण यावरून इंजिनाला शाबासकी देऊ नका. तिकडे गाडीला ९० चा लगाम कायद्याने बांधलेला आहे, जर्मनीत तर ट्रकला वेगमर्यादाच ८० ची. इथे पश्चिमेकडच्या राज्यांत ट्रक ११० ने सर्रास जातात. हवा कापायला लागणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. शिलेदारांनी ९० ने गाडी चालवली तर त्यांचंही अ‍ॅव्हरेज सुधारेल, फक्त मागचे लोक शिव्या देतील.

टायरही मोजा. अमेरिकन जोडीला अठरा टायर, म्हणूनच 'अठरा चाकी'. युरोपातली नेहमीची जोडी म्हणजे दोन अ‍ॅक्सलचा घोडा आणि तीन अ‍ॅक्सलचा एकेरी रुंद टायरांचा ट्रेलर, मिळून बारा. टायर फुटला तर मात्र अठरावाला हळूहळू गावापर्यंत जातो, बारावाला तिथेच बसतो.

फलटणचा_फिटर
शेवटचं वाक्य लाख मोलाचं. माळावर एकेरी टायर फुटलेला माणूस देवाचं नाव घेतो, टायर कंपनीचं वेगळं घेतो.

अर्धा_कप
विषयांतर: इंजिन बंद असताना एसी चालतो का या गाड्यांमध्ये? आमच्या सोसायटीबाहेर रात्रभर एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा असतो.

एकांडा_शिलेदार
चालतो. इथे आम्ही मागे छोटं जनित्र किंवा बॅटरीचा संच बसवतो. कॅलिफोर्नियात पाच मिनिटांहून जास्त इंजिन नुसतं चालू ठेवलं तर दंड होतो, त्यामुळे तो खर्च करावाच लागतो. तुमच्या सोसायटीबाहेरच्या माणसाला मात्र समजून घ्या, त्याला झोप हवी आहे.

अर्धा_कप
मलाही.

शुचि_मेल
धागा आज दिसला. वाटसरूकाका, मी मेलबर्नमध्येच आहे आणि नवरा एका मालवाहतूक डेपोत रात्रपाळीचं नियोजन बघतो, म्हणजे कुठली गाडी कुठे अडकली हे फोन सगळ्यात आधी आमच्या बेडरूममध्ये येतात.

पहिली गोष्ट, इथला केनवर्थ अमेरिकेतून येत नाही. तो १९७१ पासून बेजवॉटरला बनतो, आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. व्होल्वो ब्रिस्बेनजवळ वेकॉलला बनतो. दोन्ही इथल्या धुळीसाठी आणि उन्हासाठी जुळवून घेतलेले. युरोपियन मंडळींना तर २०२३ पर्यंत रुंदीही कमी करून द्यावी लागायची, कारण युरोपात २.५५ मीटर चालते आणि इथे नियम २.५ चा होता. पाच सेंटिमीटरसाठी केवढा उपद्व्याप!

दुसरी, आणि इथे कुणीच बोललं नाही ती: केनवर्थची चपट्या तोंडाची गाडीही इथे बनते, के-मालिका. अमेरिकेत नामशेष झालेली जात इथे टिकली, कारण गिअरबॉक्स म्हणाले तसं, २६ मीटर सगळं मिळून मोजतात. दोन्ही ट्रेलर मिळून ३४ पॅलेटचे (माल रचायच्या फळ्यांचे) असतील तर लांब नाक बसणारच नाही. फार तर आखूड नाकाची गाडी, नाहीतर चपटी. उत्तरेकडे रोडट्रेन ओढायची असेल, तीन ट्रेलरची ५३.५ मीटरपर्यंत, तर गोष्ट वेगळी. तिथे लांब नाकवाले राजे.

तिसरी, पर्थचं. सेडुना ते नॉर्समन बाराशे किलोमीटर, त्यात एक पट्टा १४६ किलोमीटर नाकासमोर सरळ, एक वळण नाही. तिथे गाडी कुठल्या देशाची याला अर्थ नाही. रात्री दोन वाजता फोन उचलून व्हॅन पाठवणारा माणूस कुठल्या ब्रँडचा भाग जवळ बाळगून आहे, एवढाच प्रश्न असतो. नवरा म्हणतो, भाच्याने सेडुना, पोर्ट ऑगस्टा आणि कालगुर्लीच्या वर्कशॉपांना स्वतः फोन करावेत आणि विचारावं, या मॉडेलचा युरियाचा पंप तुमच्या फळीवर आत्ता आहे का? ज्याचा असेल ती गाडी.

बुल बार, म्हणजे तोंडावरचा जनावरं अडवणारा धातूचा कठडा, लावला का ते बघा. कांगारू आशीर्वाद वाचत नाहीत, टोलनाका.

टोलनाका
पाटी इंग्रजीत लिहून बघू.

स्वातीनक्षत्र
शुचि, भारी माहिती. बुल बारचं मात्र अवघड जागेचं दुखणं आहे. युरोपात सगळा जोर ड्रायव्हरला समोरचा माणूस, सायकलवाला दिसावा यावर चाललाय. लंडनमध्ये तर काचेतून थेट किती दिसतं यावर ट्रकला तारे देतात आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीन तारे लागतात, नाहीतर जास्तीची सुरक्षा उपकरणं बसवा. लांब नाकाच्या गाडीला तिथे प्रवेश मिळवणं कठीणच जाईल. तुमच्याकडे पाचशे किलोमीटरमध्ये सायकलवाला नाही, कांगारू आहे. प्रत्येकाचा शत्रू वेगळा.

एकांडा_शिलेदार
हे मात्र कबूल करतो. न्यू जर्सीतल्या जुन्या गोदामाच्या गल्लीत ट्रेलर मागे लावताना मी दर वेळी मनातल्या मनात चपटा ट्रक मागतो. नाक कुठे संपतं ते बसल्या जागेवरून दिसत नाही. एकदा पत्रपेटीला विचारून घेतलं कुठे संपतं ते. पत्रपेटी नवीन घेऊन दिली.

वाटसरू_७७
सगळ्यांचे आभार. तीन आठवडे लिहिलं नाही कारण भाचा पर्थला गेला होता आणि आला की झोपतो.

ट्रेलर ३४ पॅलेटचे आहेत. म्हणजे लांब नाक बाद, शुचिताईंनी म्हटलं तसंच. त्याने फोटो भिंतीवर लावला होता तो काढला म्हणे. शुचिताईंच्या यजमानांनी सांगितलेले फोनही केले. एका ठिकाणी माणूस म्हणाला, फळीवर आहे. दुसरीकडे म्हणाला, मागवावा लागेल, मंगळवार. तिसऱ्याने विचारलं, तू कोण, आणि मग अर्धा तास क्रिकेटवर बोलत बसला. पंप त्याच्याकडे नव्हता.

आता यादीत दोन राहिल्या आहेत. एक युरोपियन, कमी चाललेली, एक चपट्या तोंडाचा केनवर्थ, जास्त चाललेला. शिलेदारांचं ऐकून त्याने दोन्ही विकणाऱ्यांना विचारलं, एक रात्र आवारातच आत झोपू का? एक हसला आणि नाही म्हणाला. दुसऱ्याने किल्ली दिली. म्हातारा ड्रायव्हर आहे, गुडघ्यांमुळे गाडी विकतोय. सकाळी त्याने दाराशी कॉफी आणून दिली आणि विचारलं, कुठल्या बाजूला डोकं करून झोपलास? भाच्याने सांगितलं. म्हातारा म्हणाला, चूक, त्या बाजूला पहाटे ऊन येतं, दुसरीकडे कर.

कुठल्या गाडीचा म्हातारा ते सांगत नाही, अजून भावावर घासाघीस चालू आहे आणि कुठून कोण वाचेल सांगता येत नाही. दाजींना विचारलं, ते म्हणाले, मर्सिडीज नाही ना, मग माझा संबंध नाही.

फलटणचा_फिटर
घ्यायच्या आधी इंजिनाचं तेल तपासायला पाठवा, प्रयोगशाळेत. थोडे पैसे जातील. आणि थंड इंजिन स्वतः चालू करून बघायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर कॉफी पिऊन परत या.

नवा_सभासद_२१
धागा उशिरा वाचला. पहिल्या पोस्टमधली बुलेट अजून आहे का? विकायची असेल तर कळवा.

वाटसरू_७७
विकली. २०१९ ला. भाच्याचं तिकीट काढायचं होतं.